क्षयरोगाच्या गोळ्यांचा तुटवडा: बदललेल्या औषधाची नोंद कोण ठेवते?

कृष्णाकाठ | ४ एप्रिल २०२४

माझे मामा सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतात. वय ५८, वजन ६२ किलो. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून रोज चार गोळ्या सुरू झाल्या. एकाच गोळीत चार औषधे असतात आणि वजनानुसार गोळ्यांची संख्या ठरते, असे तेथील ताईंनी नीट समजावून सांगितले होते. सुरुवातीला बऱ्याच दिवसांच्या पट्ट्या एकदम मिळाल्या. नंतर आठवड्यापुरत्या मिळू लागल्या, मग दोन-तीन दिवसांपुरत्या, आणि आता "वरून माल आलेला नाही, बाहेरून घ्या" असे सांगण्यात आले आहे. मध्ये काही दिवस गोळ्या मुळीच मिळाल्या नाहीत.

मामेभावाने औषधांच्या दुकानातून रोजच्या मात्रेचे एक किट आणले. त्यात एक कॅप्सूल आणि तीन गोळ्या आहेत. दुकानदाराचे म्हणणे असे की "तीच चार औषधे आहेत, फक्त पॅकिंग वेगळे." मामांचाही त्यावर विश्वास बसला, कारण लघवीचा रंग पूर्वीसारखाच लालसर येतो.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे किट आणि सरकारी गोळ्या खरोखरच सारख्या आहेत का? मध्ये चुकलेल्या दिवसांचे काय करायचे? आणि तिसरी गोष्ट, जी मला अधिक खटकते: मामांच्या उपचारपत्रिकेवर या सगळ्याची कोणतीही नोंद नाही. औषध बदलले, काही दिवस खंड पडला, पण कार्डावर सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते. उद्या त्यांची थुंकी निगेटिव्ह आली नाही, तर "रुग्णाने गोळ्या नियमित घेतल्या नाहीत" असाच निष्कर्ष निघणार नाही का?

फुप्फुसवैद्य | ४ एप्रिल २०२४

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर असून महानगरपालिकेच्या रुग्णालयात काम करतो. तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असला तरी मामांच्या दृष्टीने पहिला प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

दोन्ही सारखे नाहीत. सरकारी क्षयरोग कार्यक्रमातील प्रौढांच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड, १५० रिफॅम्पिसिन, ४०० पायराझिनामाइड आणि २७५ इथॅम्ब्युटॉल असते. ५० ते ६४ किलो वजनाच्या व्यक्तीला रोज चार गोळ्या, म्हणजे ३०० आयसोनियाझिड, ६०० रिफॅम्पिसिन, १६०० पायराझिनामाइड आणि ११०० इथॅम्ब्युटॉल. तुम्ही वर्णन केलेले किट जर बाजारातील प्रचलित किट असेल, तर त्यात साधारणपणे ३०० आयसोनियाझिड, ४५० रिफॅम्पिसिन, ७५० च्या दोन गोळ्या मिळून १५०० पायराझिनामाइड आणि ८०० इथॅम्ब्युटॉल असते. कृपया कॅप्सूलच्या मागचा मजकूर वाचून खात्री करा. रिफॅम्पिसिन दर किलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम द्यायचे असते आणि ८ च्या खाली जाऊ द्यायचे नसते. ६२ किलोच्या माणसाला ४५० दिले तर ते सव्वासातच्या आसपास पडते. इथॅम्ब्युटॉलही १५ च्या खाली जाते. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, कारण औषधे खरोखर तीच आहेत. परंतु या आजारात औषधाच्या नावाइतकेच त्याच्या मात्रेला महत्त्व आहे, आणि हे किट मामांपेक्षा हलक्या माणसाच्या मापाचे आहे. लघवीच्या रंगाने इतकेच कळते की रिफॅम्पिसिन पोटात गेले. ते किती गेले हे त्यावरून कळत नाही.

तेव्हा मामांना उद्याच जिल्हा क्षयरोग केंद्रात किंवा जवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि वजनानुसार सुट्या औषधांची चिठ्ठी लिहून घ्यावी. रिफॅम्पिसिन ६०० ची कॅप्सूल वेगळी मिळते. स्वतःच्या मनाने दीड किट घेणे किंवा एखादी गोळी वाढवणे, असे काहीही करू नये. यकृतावर त्याचा भार पडतो.

चुकलेल्या दिवसांबद्दल: पहिल्या टप्प्यात ५६ आणि दुसऱ्या टप्प्यात ११२ मात्रा पूर्ण व्हाव्या लागतात. जितक्या चुकल्या तितक्या पुढे जोडल्या जातात, कॅलेंडर संपले म्हणून उपचार संपत नाही. सलग एक महिना किंवा त्याहून अधिक खंड पडला तर मात्र प्रकरण वेगळे होते आणि पुन्हा तपासणी करून, औषधांना प्रतिकार निर्माण झाला आहे का ते पाहून पुढचे ठरवावे लागते. मामांच्या बाबतीत तशी वेळ आलेली दिसत नाही.

यात एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. चारही औषधे काही दिवस बंद राहणे वाईट आहेच, परंतु चारांपैकी एक-दोनच मिळाली म्हणून तेवढीच चालू ठेवणे त्याहून धोक्याचे असते. जंतूंवर एकाच औषधाचा मारा झाला की त्या औषधाला दाद न देणारे मोजके जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. टंचाईच्या काळात "जे आहे ते तर घ्या" हा सल्ला इतक्या सद्भावनेने दिला जातो की त्याला विरोध करणे जड जाते. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे बहुऔषध-प्रतिकारक क्षयरोगात तर हे आणखी गुंतागुंतीचे आहे. २०२३ मध्ये त्यावरील लिनेझोलिड, सायक्लोसेरिन, क्लोफॅझिमिन या औषधांच्या टंचाईच्या बातम्या देशभरातून येत होत्या (आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबरमध्ये त्यांचा इन्कारही केला होता). त्याच उपचारपद्धतीतील बेडाक्विलिनचे शरीरातील अर्धायुष्य, म्हणजे औषध निम्म्यावर यायला लागणारा काळ, साडेपाच महिन्यांच्या घरात आहे. म्हणजे सर्व औषधे एकाच दिवशी बंद झाली तरी बाकीची बहुतेक काही दिवसांत शरीरातून निघून जातात (क्लोफॅझिमिन अधिक काळ राहते) आणि बेडाक्विलिन जवळजवळ एकटेच अनेक महिने रक्तात रेंगाळते. कागदावर ते "उपचारात खंड" असे दिसते. प्रत्यक्षात रुग्णावर जवळजवळ एकाच औषधाचा अपुरा उपचार सुरू असतो, आणि तोही आपल्याकडच्या सर्वांत मोलाच्या औषधाचा.

खर्चाबद्दलही सांगतो. गेल्या महिन्यात (मार्च २०२४) केंद्रीय क्षयरोग विभागाने पत्र काढून राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास कळवले, आणि जेथे मोफत औषध देणे शक्य होणार नाही तेथे रुग्णाला खर्चाची भरपाई देण्याची तरतूदही त्यात होती. म्हणून दुकानाची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी संगणकीय नोंदणी) क्रमांक एकत्र जपून ठेवा. दाद लागत नसेल तर निक्षय संपर्कच्या १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोनने गोळ्या येतीलच असे नाही, परंतु तारखेसह एक नोंद होते.

घाटमाथा | ५ एप्रिल २०२४

डॉक्टरांचा मान राखून विचारतो, आपण लोकांना अकारण घाबरवत तर नाही ना? आमच्या शेजारच्या काकांनी गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेतल्या आणि ते ठणठणीत बरे झाले. पूर्वी सरकारच आठवड्यातून तीन दिवस गोळ्या देत असे.

फुप्फुसवैद्य | ५ एप्रिल २०२४

पूर्वी आठवड्यातून तीनदा औषध दिले जात असे हे खरे आहे, परंतु त्या वेळची मात्रा एका दिवसासाठी अधिक असे. शिवाय त्या पद्धतीत रोग उलटण्याचे आणि प्रतिकार निर्माण होण्याचे प्रमाण अधिक आढळल्यामुळेच २०१७ पासून देशभर रोजची मात्रा लागू करण्यात आली. रोजच्या मापाच्या गोळ्या एक दिवसाआड घेणे म्हणजे जुनीही पद्धत नव्हे आणि नवीही नव्हे. काका बरे झाले याचा आनंद आहे. त्यांची थुंकी उपचारानंतर तपासली होती का, हे मात्र विचारून पाहावे.

भांडारातून | ६ एप्रिल २०२४

मी सरकारी सेवेत औषध निर्माण अधिकारी आहे. कुठे, ते येथे लिहीत नाही. कृष्णाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला भांडाराच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण नोंद का होत नाही हे आमच्याकडून पाहिल्यावरच समजते.

आमच्याकडे दोन प्रकारच्या नोंदी असतात. साठ्याची नोंद संगणकावर असते: किती आले, किती गेले, किती उरले, मुदत कधी संपते. रुग्णाची नोंद उपचारपत्रिकेवर आणि निक्षयवर असते. साठा शून्य झाला तर पहिल्या नोंदीत शून्य दिसते, परंतु त्या शून्यामुळे कोणत्या रुग्णाला काय दिले गेले, कोणाची मात्रा बदलली, कोण रिकाम्या हाताने परत गेला, याचा धागा दुसऱ्या नोंदीपर्यंत पोहोचत नाही. चुकीचे इंजेक्शन दिले गेले तर ती घटना म्हणून लिहिली जाते, निदान लिहिली जावी अशी अपेक्षा तरी असते. औषध नसल्यामुळे अपुरी मात्रा दिली गेली तर ती "पुरवठ्याची अडचण" ठरते आणि भांडाराच्या पत्रव्यवहारात जाऊन बसते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय?

त्याहून वाईट बाब मागणीपत्रकाची आहे. पुढील काळासाठी किती औषध मागवायचे हे बहुतेक ठिकाणी मागील खपावरून ठरते. समजा एखाद्या केंद्राला महिन्याला ९०० गोळ्या लागतात आणि एका महिन्यात पंधरा दिवस साठाच नव्हता. त्या महिन्याचा खप ४५० दिसतो. साठा नसलेले दिवस वजा करून खरी गरज काढणारा कोणी जाणता माणूस टेबलावर नसेल, तर पुढची मागणी ४५० ला चिकटते आणि एकदा पडलेली टंचाई आपणच पुढच्या टंचाईची सोय करून ठेवते. मी नवीन सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात हेच शिकवतो की खपाच्या रकान्याशेजारी "साठा नसलेले दिवस" असा रकाना हाताने आखून घ्या. संगणकाच्या पत्रकात तो असो वा नसो.

स्थानिक खरेदी करा, असे पत्र काढणे सोपे आहे. चार औषधांचे हे ठरावीक मापाचे मिश्रण किरकोळ बाजारात मुबलक नसते, कारण त्याचा मोठा ग्राहक सरकारच आहे आणि कंपन्या ते सरकारी मागणीप्रमाणे तयार करतात. जिल्ह्याने घाईघाईत निविदा काढली तरी माल यायचा कुठून? मग जे मिळते ते घेतले जाते आणि तुमच्या मामांच्या हाती ४५० ची कॅप्सूल येते. घाईच्या खरेदीचा आणखी एक धोका म्हणजे दर्जा. नागपूर भागातील सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत आढळले, हे वृत्त आपण वाचले असेल. तुटवडा असला की तपासणीच्या अहवालाची वाट पाहण्याचा धीर कोणालाच राहत नाही, आणि बनावट माल विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

आपल्या राज्यात खरेदीची घडी वारंवार बदलली. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे गेली. देयके थकणे, निविदांना प्रतिसाद न मिळणे, पुरवठा उशिरा होणे अशा तक्रारी होत राहिल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. प्रत्येक बदलात जुने दरकरार संपतात, नवे व्हायला वेळ लागतो आणि तो मधला काळ रुग्णाच्या वाट्याला येतो. तामिळनाडूने १९९४ मध्ये आपले वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि तीच यंत्रणा टिकवून ठेवली. तेथे प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक असते. त्यात तरतुदीची रक्कम जमा असते आणि रुग्णालय गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलते. त्यात जादू काहीच नाही. गोदामे जिल्ह्यात आहेत, माल तपासणी झाल्यावरच बाहेर पडतो आणि कोणत्या रुग्णालयाने काय उचलले ते रोज दिसते, इतकेच. क्षयरोगाची औषधे मात्र केंद्राकडून येतात, त्यामुळे तेथे राज्याची उत्तम यंत्रणाही एका मर्यादेपलीकडे काही करू शकत नाही, हेही नमूद करतो.

रात्रपाळी | ६ एप्रिल २०२४

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. विषय क्षयरोगाचा असला तरी भांडारातून यांनी मांडलेला मुद्दा आम्ही २०२१ च्या मे महिन्यात फार जवळून पाहिला, म्हणून लिहिते.

म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत त्यावरचे अँफोटेरिसिन-बी हे इंजेक्शन मिळेनासे झाले. जिल्ह्यांना कोटा ठरवून दिला जात होता आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरभर फिरत होते. बाहेर सर्वांचे लक्ष "मिळाले की नाही" याकडे होते. आत आमच्यापुढे वेगळाच प्रश्न होता, तो म्हणजे "कोणते मिळाले?" लायपोसोमल, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म वेष्टनातील अँफोटेरिसिनची कुपी ५० मिलिग्रॅमची असते आणि जुन्या, साध्या अँफोटेरिसिनची कुपीही ५० मिलिग्रॅमचीच असते. लायपोसोमल दर किलोमागे ५ मिलिग्रॅमप्रमाणे, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला दिवसाला सहा कुप्या लागतात. साधे मात्र दर किलोमागे जेमतेम १ मिलिग्रॅम, म्हणजे कुपी-सव्वा कुपी. काल सहा कुप्या चढवल्या म्हणून आज आलेल्या साध्या औषधाच्या सहा कुप्या चढवल्या, तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकते. दोन्हींच्या लेबलावर ठळक अक्षरांत एकच नाव. त्यात लिपिड इमल्शन हा तिसरा प्रकारही बाजारात आला. वर्ध्यातही त्याचे उत्पादन सुरू झाले.

आमच्या विभागात असा नियम केला होता की इंजेक्शन कोणी आणले, कितीला आणले हे नंतर; आधी दोन परिचारिकांनी मिळून लेबलावरील पूर्ण नाव मोठ्याने वाचायचे आणि औषधतक्त्यावर "लायपोसोमल" किंवा "साधे" हा शब्द लाल शाईने लिहायचा. तो लिहिलेला नसेल तर डॉक्टर कितीही ज्येष्ठ असोत, औषध चढवायचे नाही. साधे औषध द्यावे लागले की मूत्रपिंडावर परिणाम होतो, पोटॅशियम उतरते, त्यामुळे रोज रक्ततपासणी वाढते. सलाइनमध्ये मिसळले तर ते साकळते, म्हणून डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे लागते. म्हणजे औषधाच्या टंचाईमुळे आमचे काम कमी झाले नाही, उलट प्रत्येक रुग्णामागे वाढले, आणि तेही नेमके अशा वेळी जेव्हा एका परिचारिकेकडे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण होते. टंचाईची किंमत मोजताना इंजेक्शनचा भाव सगळे मोजतात. हा वाढलेला भार आणि त्यातून होऊ शकणाऱ्या चुका कोणी मोजल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कृष्णाकाठ | ९ एप्रिल २०२४

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, कॅप्सूलवर खरोखरच ४५० लिहिलेले होते. जिल्ह्याच्या केंद्रात मामांचे पुन्हा वजन केले आणि वजनाप्रमाणे सुटी औषधे लिहून दिली. तेथील अधिकाऱ्यांनी समजून घेतले, वाद घातला नाही. मात्र पत्रिकेवर बदल लिहा, असे आम्ही म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली. अखेर तारीख, जुने औषध, नवे औषध, मात्रा आणि कारणाच्या जागी "पुरवठा उपलब्ध नाही" असे लिहून सही मिळाली.

तेथेच रांगेत एक माहेरवाशीण आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलांच्या गोळ्या नव्हत्या म्हणून तिला मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायला सांगण्यात आले होते. मला ते बरोबर वाटले नाही, पण काय बोलावे हे कळेना.

फुप्फुसवैद्य | ९ एप्रिल २०२४

"पुरवठा उपलब्ध नाही" हे चार अक्षरी कारण मिळवलेत, हे फार चांगले झाले. (अक्षरे मोजू नका.) पुढे काही बिघडलेच तर ती एक ओळ मामांच्या बाजूने उभी राहील.

त्या मुलीबद्दल. मुलांच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड, ७५ रिफॅम्पिसिन आणि १५० पायराझिनामाइड असते, आणि १०० इथॅम्ब्युटॉलची गोळी वेगळी दिली जाते. मोठ्यांची गोळी अचूक अर्धी झाली असे समजले, तरी तिच्यात साडेसदतीस आयसोनियाझिड, ७५ रिफॅम्पिसिन, २०० पायराझिनामाइड आणि एकशे साडेसदतीस इथॅम्ब्युटॉल येते. रिफॅम्पिसिन मुलांच्या एका गोळीशी जुळते, म्हणून हिशेब जमल्यासारखा वाटतो. परंतु आयसोनियाझिड चौथ्या हिश्श्याने कमी आणि पायराझिनामाइड एक-तृतीयांशाने जास्त होते. मुलांना आयसोनियाझिड वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक लागते, म्हणूनच त्यांच्या गोळीतील प्रमाण वेगळे ठेवलेले आहे. शिवाय मुलांची गोळी पाण्यात विरघळणारी असते. मोठ्यांची गोळी सुरीने कापून, चुरून, मधातून देताना किती पोटात गेली आणि किती ताटलीला चिकटली हे आईला कसे कळणार? बालरोगतज्ज्ञांनी वजन करून सुटी औषधे लिहून देणे हा मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. त्या ताईंशी पुन्हा भेट झाली तर एवढे जरूर सांगा.

घाऊक | २१ नोव्हेंबर २०२४

या चर्चेत उशिरा येत आहे. मी औषधनिर्मिती क्षेत्रात खरेदी विभागात काम केले आहे. वरील सर्व प्रतिसादांत सरकारी यंत्रणेवर बोट आहे, ते अयोग्य नाही, पण औषध मुळात तयारच का होत नाही याबद्दल कोणी बोलले नाही.

गेल्या महिन्यात राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. त्यांत बेन्झिल पेनिसिलिन, अॅट्रोपिन, स्ट्रेप्टोमायसिन, साल्बुटामॉल, लिथियम अशी जुनी, स्वस्त आणि रोजच्या वापरातली औषधे आहेत. परवडत नसल्यामुळे काही कंपन्यांनी उत्पादन थांबवण्याची परवानगी मागितली होती, म्हणून विशेष अधिकार वापरून हा निर्णय घ्यावा लागला. २०२० मध्ये हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या बाबतीतही असेच झाले होते. कच्चा माल महागला आणि किंमत गोठलेली राहिली. किंमत इतकी खाली दाबली की बनवणाराच उरला नाही, तर स्वस्त औषधाचा रुग्णाला उपयोग काय?

पेनिसिलिनचे उदाहरण आपल्या घरचे आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच. पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे देशातले आंबवण-प्रक्रियेचे कारखाने टिकले नाहीत आणि मूळ पेनिसिलिनसाठी आपण परावलंबी झालो. संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारण दर तीन आठवड्यांनी, कित्येक वर्षे घ्यावे लागते. ते इंजेक्शन कंपनीच्या दृष्टीने किरकोळ नफ्याचे, आणि मुलाच्या दृष्टीने झडप वाचवणारे. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतून काकीनाडाजवळ पेनिसिलिनचा मोठा कारखाना यंदा सुरू झाला आहे, परंतु तेथील माल चिनी भावाशी किती काळ स्पर्धा करील, हे सरकार किती काळ पाठीशी उभे राहते यावर अवलंबून आहे.

भांडारातून | २२ नोव्हेंबर २०२४

घाऊक यांचा मुद्दा पेनिसिलिनपुरता मला पूर्ण मान्य आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन संपले की आमच्याकडेही मुलांना तोंडाने घ्यायची गोळी लिहून दिली जाते. तीन आठवड्यांतून एका इंजेक्शनाऐवजी रोज दोन वेळा गोळी, आणि ती वर्षानुवर्षे घेतली जाते का हे पाहायला कोणी नसते.

परंतु यंदाच्या क्षयरोगाच्या गोळ्यांना हे कारण लागू पडत नाही. चारही औषधे आपल्या देशात तयार होतात आणि जगालाही पुरवली जातात. अडले ते खरेदीच्या वेळापत्रकापाशी. जगातील साधारण एक-चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्याकडे आहेत आणि दरवर्षी साधारण किती गोळ्या लागणार हे आधीच ठाऊक असते, तेव्हा "अचानक" मागणी वाढली असेही म्हणता येत नाही. किंमत हा एका प्रकारच्या टंचाईचा उगम आहे आणि उशिरा निघालेली निविदा हा दुसऱ्या. पहिलीवर उपाय दिल्लीत किंमत ठरवणाऱ्यांकडे आहे. दुसरीवर उपाय असा की साठा तीन महिन्यांच्या गरजेखाली गेला की कोणत्या टेबलावरची कोणती फाईल किती दिवस पडून आहे, हे त्याच संगणकावर सर्वांना दिसावे.

आणि आपण सर्वांनी मिळून करण्याजोगे काम कृष्णाकाठ यांनी दाखवलेच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे नव्हती असे नातेवाईक म्हणत होते, पुरेसा साठा होता असे प्रशासन म्हणत होते. हा वाद साठ्याच्या आकड्यांवरून मिटत नाही, कारण भांडारात साठा असणे आणि त्या रात्री त्या खाटेपर्यंत औषध पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध बदलले, उशिरा मिळाले किंवा बाहेरून आणावे लागले, तर ते त्याच दिवशी रुग्णाच्या कागदावर लिहिले गेले पाहिजे. आमच्या केंद्रात जूनपासून आम्ही त्यासाठी रबरी शिक्का करून घेतला आहे: तारीख, मूळ औषध, दिलेले औषध, मात्रा, कारण, सही. शिक्क्याला खर्च नगण्य आला. सुरुवातीला काहींना ही कटकट वाटली, आणि अजूनही गर्दीच्या दिवशी शिक्का मारायचा राहून जातो.

कृष्णाकाठ | २४ नोव्हेंबर २०२४

मामांचा उपचार चुकलेल्या मात्रा जोडून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाला आणि शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. भांडारातून यांना विनंती आहे की त्या शिक्क्याच्या मजकुराची प्रत येथे टाकावी. आमच्या तालुक्याच्या रुग्णकल्याण समितीच्या पुढील बैठकीत ती मांडायची आहे.